शतावरीचा डबा

माझ्या लेकीचा जन्म झाला तेव्हा पहिले काही दिवस मला दूध पुरत नव्हतं. पोरगी रडायची, आणि तिच्याबरोबर मीही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असताना मशीनचा कुठलाही बिघाड मी शोधून काढायची, इथे मात्र काहीच सुचत नव्हतं.

सासूबाई लातूरकडच्या. त्यांनी पिंपरीच्या बाजारातून शतावरी कल्पाचा मोठा डबा आणला. पांढरट रवाळ भुकटी, वेलदोड्याचा घमघमाट. "सकाळ-संध्याकाळ दुधातून घे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत हेच घेतलं होतं मी," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घ्यायला हरकत नाही, पण खरं औषध म्हणजे बाळाला वरचेवर पाजणं." मी दोन्ही करू लागले. चव तर अशी, की औषध घेतोय असं वाटूच नये.

हळूहळू दूध वाढलं, पोरगी पोटभर पिऊन झोपू लागली. घरात जरा शांतता आली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की डबा भलताच लवकर खाली जातोय. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाळंतिणीचं औषध मी कशाला खाऊ?"

त्याच सुमाराला सासऱ्यांची रक्तातली साखर वाढली. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना मधुमेह होता, पण पथ्य कडक. चहा बिनसाखरेचा, सणालासुद्धा गोडाला हात नाही. दवाखान्यात सासूबाई डॉक्टरांपुढे छातीठोकपणे म्हणाल्या, "ताट मी वाढते, साहेब. माझ्या नजरेआड हे काहीच खात नाहीत." डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी गोळी वाढवायच्या आधी खाण्याकडे अजून नीट बघायला सांगितलं.

एका दुपारी पोरगी झोपली होती. मी पाणी प्यायला उठले, तर सासरे ओट्याशी उभे राहून दुधाच्या कपात चमचा फिरवत होते. शेजारी माझा डबा उघडा.

"बाबा, काय घेताय?"

"तुझं ते शतावरीचं," ते अगदी सहज म्हणाले. "चांगलं लागतं गं. अंगात ताकद आल्यासारखी वाटायली."

"कधीपासून घेताय?"

"तू दवाखान्यातून घरी आलीस ना, तेव्हापासूनच."

"अहो बाबा, तुम्हाला साखर चालत नाही."

"साखर कुठली आली त्यात? आयुर्वेदिक आहे ते. औषध आहे."

मी डबा फिरवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि घटकांची बारीक अक्षरं वाचली. सगळ्यात वर, सगळ्यात जास्त, साखरच होती. शतावरी तिच्याखाली. त्यांनी कप अलगद खाली ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखे नाही, फसवणूक झाल्यासारखे दिसत होते ते.

आवाज ऐकून सासूबाई आल्या. काय झालंय ते कळल्यावर त्यांना हसू आवरेना. भिंतीला टेकून त्या खालीच बसल्या. "आता लेकराला तुम्हीच पाजा," कसंबसं त्या म्हणाल्या. सासरे क्षणभर रागावल्यासारखे दिसले, मग तेही हसत सुटले. पोरगी जागी झाली, तरी आमचं हसणं थांबेना.

पुढच्या खेपेला सासऱ्यांनी स्वतःच डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर मास्कच्या आड हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "काका, वनस्पतीचं असलं तरी आधी विचारत चला. तुमच्या बाकीच्या गोळ्या चालू आहेत." कल्प सुटला, तशी साखरही उतरली.

मी मग कॅम्पातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून बिनसाखरेचं शतावरी चूर्ण आणलं. त्याला ना वास, ना गोडी. चव कडवट, मातकट. सासऱ्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं आणि म्हणाले, "हे मात्र तुझं तूच घे."

दूध शतावरीने वाढलं की वरचेवर पाजण्याने, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. सासूबाई शतावरीच्या बाजूने, मी डॉक्टरीणबाईंच्या. सासरे मात्र संध्याकाळी नातीला बाबागाडीत घालून पिंपळे गुरवच्या बागेत नेतात आणि बाकावरच्या मंडळींना हा किस्सा स्वतःच रंगवून सांगतात. परवा मीही त्यांच्याबरोबर बागेत गेले होते, तर त्यांच्यातले एक आजोबा घरी जाऊन आपल्या च्यवनप्राशाची बरणी घेऊन आले आणि चष्मा विसरल्यामुळे मलाच म्हणाले, "पोरी, वाच बरं यात काय काय आहे."