लेकीचं शुद्ध पत्र

आमचे हे हैदराबादला नारायणगुड्याच्या शाळेत मराठी शिकवत. हे निवृत्त झाले, ह्यांचं लाल पेन मात्र झालं नाही. कुणाची लग्नपत्रिका आली की आधी पेन निघायचं, लग्न कधी आहे ते नंतर. "अहो, जेवायला बोलावलंय, पेपर तपासायला नाही," मी म्हणायची. ऐकतील तर शपथ.

आणि एवढ्या मोठ्या मराठीच्या मास्तरांची एकुलती एक लेक देवनागरी वाचायची ती ओळीवर बोट ठेवून. इंग्रजी शाळेत आपणच घातली, आता बोलणार कुणाला? बोलायची मात्र घडाघडा. अगदी हैदराबादची मराठी, हौ आणि नक्कोवाली. "हौ नाही, हो म्हणावं," हे सांगायचे. "हौ बाबा," ती म्हणायची, आणि मी पदर तोंडाला लावून आत पळायची.

त्या वर्षांत गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि क्लास केलेली मुलं भराभर अमेरिकेला चालली होती. आमचीही गेली. बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांतली एकटी जाणारी पहिली मुलगी! ह्यांनी भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

आम्हा दहा-बारा मराठी घरांची एक जुनी पद्धत होती. परगावाहून कुणाचं पत्र आलं की ते सगळ्यांचं. रविवारी दुपारी ज्याचं पत्र त्याच्या घरी जमायचं, चहा-चिवडा घ्यायचा आणि पत्र मोठ्याने वाचायचं. कोण नांदेडला आजारी आहे, कुणाच्या पोराचं पुण्यात जमलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. अमेरिकेचं पत्र म्हटल्यावर तर काय, सगळे कान टवकारून बसलेले.

आणि लेकीची पहिली ईमेल आली. चौकातल्या नेट कॅफेत हे गेले, कागदावर छापून घेऊन आले आणि चेहरा असा, की मला वाटलं काही वाईट बातमी आहे. कागदावर एवढंच होतं: "aai j1 zal ka? mi mst. thndi lai. baba kse? tc."

"ही काय तार आहे?" हे गरजले.

मी चष्मा लावून बसले. अर्ध्या तासाने माझ्या डोक्यात उजेड पडला. जे, आणि पुढे एकाचा आकडा. वन. जे-वन. जेवण! आई, जेवण झालं का? अगं माझ्या बाई! मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. सातासमुद्रापलीकडे जाऊन पोरीने पहिलं काय विचारलं, तर आई जेवलीस का.

"आणि टीसी म्हणजे?"

"काळजी घ्या."

"मग काळजी घ्या असं लिहायला काय धाड भरलीय हिला?"

आता मात्र माझं डोकं सणकलं. "तुमचं सा. न. वि. वि. काय आहे मग? चि. काय, ति. काय, ता. क. काय? आपलं लग्न ठरल्यावर तुम्ही मला पहिलं पत्र लिहिलंत, त्यातही सा. न. वि. वि.! होणाऱ्या बायकोला! मी काय जिल्हाधिकारी होते?"

"ती परंपरा आहे," हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

त्या रविवारी लोकांनी विचारलं तेव्हा "पत्र आलं नाही" असं ह्यांनी सांगितलं. लाज वाटली त्यांना. मग पाठपोट कागदावर एक नमुना पत्र लिहिलं, तीर्थरूपपासून आपली आज्ञाधारकपर्यंत, आणि पोस्टाने तिकडे धाडलं. सोबत निरोप: नीट पत्र लिहिशील तेव्हाच मी उत्तर देईन. बाप-लेकीचं बोलणं असं बंद पडलं. दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

मग मीच नेट कॅफेत जायला लागले. एका बोटाने टकटक करत उत्तर द्यायची. हळूहळू मला तिची ती भाषा कळायला लागली. खुशीत असली की अक्षरं गाळायची, जणू पळत पळत लिहितेय. चिडली की सगळी मोठी अक्षरं. सुरुवातीला j1 असलं की समजायचं, पोर मजेत आहे. मला ती पत्रं वाचताना तिचा आवाज यायचा, खोटं कशाला सांगू.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. आणि एका शनिवारी माझ्याऐवजी हे नेट कॅफेत गेले आणि आले ते जवळजवळ नाचतच. "बघ! बघ तुझी लेक! सुधारली!"

इंग्रजी अक्षरांत, पण एकही अक्षर न गाळता लिहिलेलं मराठी पत्र. तीर्थरूप बाबा व आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे कुशल आहे. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. माझी काळजी करू नये. आपली आज्ञाधारक. ह्यांनी रात्रीच ते सगळं देवनागरीत सुवाच्य उतरवून काढलं. लाल पेन कुठे लावायला जागाच नव्हती.

रविवारी आमच्याकडे सगळे जमले. हे उभे राहून वाचत होते. "वा मास्तर, संस्कार म्हणतात ते हेच," कुणीतरी म्हणालं. मी चिवड्याच्या बशा घेऊन दारातच थांबले.

ही पोर लहानपणी कपबशी फोडली की माझ्याकडे येऊन पुस्तकातल्यासारखं बोलायची. "आई, तू बस, मी तुला पाणी आणून देते." एकदा पडून हात मोडला होता, तेव्हा दोन तास इतकी शहाण्यासारखी वागली की मला कळलंच नाही. काही बिघडलं की हिचं हौ बंद होतं, नक्को बंद होतं. आणि ह्या पत्रात मी जेवले का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

बशा तिथेच ठेवल्या, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या फोन बूथकडे निघाले. "अगं, पाहुणे बसलेत!" म्हणत हे मागून आले.

"बसू देत!"

बूथवाल्याने नंबर फिरवला, "अम्मा, लाइन मिल गई," म्हणत रिसीव्हर दिला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

"काल रात्री जेवलीस का गं?" मी विचारलं.

"आई, मी अगदी व्यवस्थित आहे..."

"मी काय विचारतेय? जेवलीस का?"

पलीकडून मग एकदम हुंदका. "नक्को विचारू ना आई."

कंपनीने माणसं काढली होती, त्यात हीही. मैत्रिणीच्या खोलीत गादी टाकून राहत होती, दिवसातून एकदा ब्रेड खाऊन नोकरी शोधत होती. "सांगितलं का नाहीस, बाई?" तर म्हणाली, "बाबांनी सगळ्यांना सांगितलंय ना मी इथे आहे म्हणून. आता नोकरी गेली कसं सांगायचं? म्हटलं, त्यांच्यासारखं पत्र लिहिलं की ते खूश होतील, मग कुणी काही विचारणार नाही."

रिसीव्हर मी ह्यांनाही ऐकू जाईल असा धरला होता. चाळीस पोरांच्या वर्गाला तासभर बोलण्यात गुंगवणारा माणूस हा. एवढंच म्हणाले, "खाऊन घे गं काहीतरी." आणि बूथबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांत मला त्यांच्याविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफे उघडायच्या आधीच हे दारात. मला म्हणाले, "ते जेवण कसं लिहायचं ते दाखव." मी दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक बटण शोधत त्यांनी लिहिलं: j1 zal ka? वर तीर्थरूप नाही, चिरंजीव नाही, खाली आशीर्वाद नाहीत. पाठवलं, आणि मग रोज सकाळी जाऊन तेवढंच पाठवत राहिले. उत्तर आलं की ते छापून खिशात.

पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा जमली. गेल्या पत्राची गोडी लागलेली. "मास्तर, लेकीचं पत्र आलं की नाही?"

मला वाटलं, आता हे म्हणणार, आलं नाही.

ह्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, नेहमीसारखे उभे राहिले.

"माझ्या मुलीची नोकरी गेलीय," म्हणाले. "तिथेच आहे, दुसरी शोधतेय. हे तिचं पत्र." आणि चष्मा नीट करून, एकेक शब्द सुटा करत, वर्गात वाचत तसं खणखणीत वाचलं, "हौ बाबा. जेवण झालं. तुमचं?"

ह्यांनी कागदाची घडी घातली.

"पत्र एवढंच आहे," म्हणाले, आणि खाली बसले.