अक्काचा दुसरा अल्बम

स्वतःचं गाणं लागलं की अक्का रिक्षातून उतरून जायची. जुन्या जालन्यात, भर उन्हात, रस्ता अर्धा राहिलेला असला तरी. "ती मी न्हाई," म्हणायची. "माझ्या गळ्याला मशीन लावून केलेली कोनतरी पोरगी हाय ती."

खोटं नव्हतं. टेंभुर्णीच्या अक्काचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. पहिल्या अल्बमच्या निर्मात्याने तो मशीनवर चढवून बारीक केला, आणि त्यातलं हळदीचं गाणं जिल्ह्यातल्या वरातीवरातीत वाजलं. मी तिच्या साथीला कीबोर्डवर असायचो. लोक सेल्फी काढायचे, अक्का कसनुसं हसायची.

दुसरा अल्बम तिने स्वतःच्या आवाजात करायचं ठरवलं. वर्षभर रियाज केला. ओरडून गाणं सोडलं. मी मधल्या जागा सुरांनी भरायला लागलो की हात धरायची. "एसटीत लेकुरवाळीला जागा देतो ना? शब्दालाबी तशी दे. बिलकुल घाई न्हाई." जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन खोकत गेलेल्या तिच्या आईवरचं एक गाणं त्यात होतं. ते तिने रेकॉर्ड केलं तेव्हा गाणं संपलं तरी कीबोर्डवरून हात उचलायचं मला सुचलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो.

अल्बम आला. ऐकणारे आम्हीच.

जाफराबादला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कार्यक्रम होता. अक्काने आईचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीलाच आरडाओरड झाली, "हळदीचं म्हणा!" ती थांबली नाही. मग आयोजकाने तिचा माइक बंद करायला लावला आणि पेनड्राइव्हवरून हळदीचं सोडलं. लोक नाचायला लागले. मुका माइक धरून अक्का माझ्याकडे वळली. "पाह्यलंस? मी गाऊन न्हाई राह्यले, तरी मीच गाऊन राह्यले."

पुन्हा ती स्टेजवर चढली नाही. एका कापड दुकानात कामाला लागली. मी भेटायला गेलो तेव्हा गिऱ्हाइकाला अस्तर कापून देत होती.

"अक्का, आवाज बसला का?"

"आवाज बराबर हाय. लोक उठून गेले."

"तो अल्बम कळंल लोकांना. आज ना उद्या कळंल."

कात्री थांबली.

"उद्याचं मला सांगू नको. मी आज जित्ती हाय." अस्तराची घडी घालत ती म्हणाली, "ये आता. गिऱ्हाईक उभं हाय."