झापड बांधून लेकीची भेट

माझी मुलगी अमेरिकेत एका बड्या कंपनीत चेहरे करते, असं मी गावात सांगायचो. लोकांना वाटायचं, ब्युटी पार्लर. मग मला सगळं उलगडून सांगावं लागायचं, आणि खरं बोलायचं तर त्यासाठीच मी ते तसं अर्धवट सांगायचो.

तीन-चार वर्षांपूर्वी पेपरात एकच शब्द होता, मेटाव्हर्स. डोळ्यांवर यंत्र चढवायचं आणि एका आभासी जगात शिरायचं, तिथं हिंडायचं, माणसांना भेटायचं. मोठमोठ्या कंपन्या त्यात एवढा पैसा ओतत होत्या की आकडा वाचून मी चष्मा पुसायचो आणि परत वाचायचो. कुणी ती यंत्रं काढतंय, कुणी खेळांच्या कंपन्या विकत घेतंय, कुणी तिथं ऑफिसं थाटतंय. त्या जगातल्या माणसांचे चेहरे खऱ्यासारखे हलावेत, हे माझ्या मुलीच्या टीमचं काम. मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो, आता रिटायर. बातमी कापून खिशात ठेवायची आणि संध्याकाळी गडमुडशिंगीच्या चौकात चहाच्या टपरीवर ती बाहेर काढायची, एवढाच काय तो उद्योग उरला होता.

"तिथं प्लॉट बी मिळत्यात म्हणं," एकानं विचारलं.

"मिळतात."

"बिगरशेती झाल्यात का?"

"पाण्याची सोय हाय का न्हाय?" दुसरा.

"सातबारा कुणाच्या नावावर निघतोय ते बघा आधी."

मी सांगितलं, जमीन नाहीच मुळी, नुसतं चित्र आहे. त्यावर एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मग पैसं कशाला घालत्यात?" मी म्हणालो, आपल्या लोकांनी कारखान्याचे शेअर घेतले तेव्हा तिथं तरी काय होतं, माळावर कुसळंच होती की. म्हातारा चहा संपवत म्हणाला, "व्हय, पर शिवारात ऊस तरी हुता." मी म्हणालो, "माझी पोरगी आहे तिथं," आणि विषय मिटवला.

पोरगी चार वर्षं घरी आली नव्हती. आधी व्हिसा, मग रजा, मग प्रोजेक्ट. फोनवर ती कारणं सांगायची आणि मी दर वेळी तेच बोलायचो, "आम्ही बरे आहोत, तू कामाकडं लक्ष दे." लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. आमच्या घरावरनं कोल्हापूरच्या विमानतळावर उतरणारं विमान जातं. बायको हातातलं काम टाकून अंगणात जायची आणि मान वर करून बघायची. "अगं, सांगितल्याशिवाय येणार आहे का ती?" असं म्हणून मी तिच्यावर खेकसायचो. मीही खिडकीतनं तेच बघत असायचो, हे तिला माहीत होतं की नाही कुणास ठाऊक.

मग तिकडून सुट्टीला आलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तिनं ते यंत्र पाठवलं. डोळ्यांवर बांधून बघितलं तर घाण्याच्या बैलाची झापड आठवली, त्यामुळं आमच्या घरात त्याचं नाव झापडच पडलं. त्या जगात तिनं आमचं घर उभं केलं होतं. जुन्या फोटोंवरनं आणि आठवणीतनं. सोपा म्हणजे आमची पुढची खोली, तिथल्या खुंट्या, दाराचा उंबरासुद्धा. फोनवर म्हणाली, "रविवारी सकाळी आठला मी घरी येतो." कोल्हापूरच्या पोरी 'आलो, गेलो' अशाच बोलतात, अमेरिकेत जाऊनही तिचं ते सुटलं नव्हतं.

बायकोनं त्यातलं 'घरी येतो' एवढंच ऐकलं. रविवारी सकाळी सातलाच मटण शिजायला लागलं. "कुणाला वाढणार आहेस?" मी विचारलं. "तुमी खावा की," ती म्हणाली.

पहिल्यांदा झापड तिनंच बांधली. आत काय दिसतंय ते मला टीव्हीवर दिसायची सोय मुलीनं करून दिली होती. टीव्हीवर आमचाच सोपा आला आणि दारात आमची मुलगी उभी राहिली. "आलो मम्मी," म्हणाली आणि पाऊल उचललं.

"थांब," बायको ओरडली. "उंबऱ्यातच थांब."

मी दचकलो. बायकोनं चाचपडत टीपॉयवर हात नेला. तिथं तिनं आधीच ताटलीत भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं होतं. आमच्याकडं माणूस लांबच्या प्रवासातनं आलं की त्याच्यावरनं भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, वाटेतली बाधा वाटेवरच राहावी म्हणून, आणि मग त्याला आत घेतात. बायकोनं भाकरी उचलली आणि हवेत गोल फिरवायला लागली. त्या जगात भाकरी दिसत नव्हती, पाणी दिसत नव्हतं. नुसता हात फिरत होता. पण मुलगी समजली. उचललेलं पाऊल तिनं मागं घेतलं आणि उंबऱ्याबाहेर खाली मान घालून उभी राहिली, लहानपणी सहलीवरनं आल्यावर राहायची तशी. बायकोनं तुकडा भिरकावला, तो टीव्हीच्या कपाटामागं गेला. पाणी सगळं माझ्या पायजम्यावर. मी एरवी बोंब मारली असती. पण टीव्हीवर मुलीचा खालचा ओठ थरथरत होता, रडू आवरताना तिचा तो तसाच थरथरतो, आणि मी ओल्या पायजम्यानं तसाच बसून राहिलो.

त्यानंतर दर रविवारी ती 'यायला' लागली. दिवाळीला घरी यायचं तिनं तिकीट काढलं होतं, आणि दिवाळीच्या तोंडावर म्हणाली, "पप्पा, तिकीट पुढं ढकलतो. दर आठवड्याला भेटतोय की आपण."

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "काम महत्त्वाचं."

बायकोनं त्या दिवशी माझ्यापुढं ताट आदळलं. मी मात्र मनातल्या मनात सगळ्या जगावर भडकलो होतो. जगातल्या एवढ्या बड्या कंपन्यांनी एवढा पैसा घातला आणि त्यातनं माझ्या वाट्याला काय आलं, तर लेकीला घरी न येण्याची सोय. कात्रणं खिशात ठेवायचं मी बंद केलं. मला ती हवी होती. सोप्यात पाय पसरून बसलेली, चहात बिस्कीट बुडवून अर्धं कपात पाडणारी.

मग बातम्यांचा वारा फिरला. कंपन्यांनी तिकडचा हात आखडता घेतला आणि सगळा पैसा एआयकडं वळवला. टपरीवर कुणीतरी म्हणालंच, "काय केमिस्टसाहेब, माळ वसाड पडला म्हणं." मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या रविवारी बायको देवळात गेली होती, म्हणून झापड मी बांधली. मुलगी त्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "पप्पा, आमची टीम बंद केली. सगळ्यांना काढलं." आणि रडायला लागली. पाच वर्षांचं काम गेलं, दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडावा लागेल, असं हुंदके देत सांगत होती.

मी बापानं बोलायचं ते सगळं बोललो. असू दे, होतं असं, धीर सोडू नको. आवाजही जड केला होता. आणि मनात एकच चाललं होतं, आता ही येणार. माडीवरची खोली रंगवून घ्यायची. गादी उन्हात टाकायची.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही हसायलाय."

त्या झापडेत आतल्या बाजूला बारीक कॅमेरे होते. गालाची, डोळ्याची इवलीशी हालचालही सुटू नये, तिथल्या चेहऱ्यावर ती जशीच्या तशी उमटावी म्हणून तिच्या टीमनं वर्षानुवर्षं डोकी शिणवली होती. मी झापड ओरबाडून काढली. घरात कुणी नव्हतं तरी मला तोंड लपवावंसं वाटलं.

तीन आठवडे ती फक्त आईशी बोलली. त्या दिवसांत जोतिबाच्या डोंगरावर जाऊन मी काय मागितलं, ते लिहायची आजही लाज वाटते. पोरगी तिकडं मुलाखती देत होती आणि बाप इकडं त्या फसाव्यात म्हणून नारळ फोडत होता. देवानं बापाचं ऐकलं नाही. एका सकाळी बायको स्वयंपाकघरातनंच म्हणाली, "लागली नोकरी तिला." आणि पीठ मळत राहिली.

फोन मी कधी आपणहून लावत नाही. त्या दिवशी लावला. साधा फोन, चेहरा न दिसणारा. म्हणालो, "त्या दिवशी मला आनंद झाला होता. खोटं बोलत नाही."

"माहीत हाय. तो चेहरा दाखवायचं काम मीच केलंय की."

"राग आला असेल तुला."

"त्याचा नाही आला." ती म्हणाली. "पप्पा, चार वर्षांत मम्मी शंभरदा ये म्हणाली. तुम्ही एकदा तरी म्हणालासा? काम बघ, आम्ही बरे हाय. मला वाटायचं, तुम्हाला अमेरिकेतल्या पोरीचंच कौतुक हाय. घरी परत आलेल्या पोरीचं तुम्ही टपरीवर काय सांगणार?"

सगळं आयुष्य मी दुसऱ्याला न सांगता समजेल असं धरून चाललो होतो. मी म्हणालो, "ये."

"काय?"

"घरी ये, पोरी. तुझ्याशिवाय करमत नाही मला."

फोन कटला की काय म्हणून मी कानावरनं काढून बघितला. मग ती सावकाश म्हणाली, की नवीन नोकरी सोमवारपासून आहे आणि पहिलं वर्षभर रजा मागता येणार नाही.

"बरं," मी म्हणालो.

"पण पप्पा, परत एकदा म्हणा."

मी परत म्हणालो.