मध्यंतरात आलेली तार

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. गेला बिचारा तसंच समजत. ही एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. पन्नास वर्षं होत आली आणि आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

सुरुवात कुठून करू? तारेपासून करायला हवी, पण तिथे जायला जीव धजत नाही. तेव्हा आधी स्वतःबद्दल सांगते. स्वतःबद्दल बोलायला मला तेव्हाही आवडायचं.

मी साताऱ्याची. वडील कचेरीत कारकून. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, मी पुण्यात वृत्तपत्रविद्या शिकत होते. सिनेमा हाही अभ्यासाचा विषय असतो हे तिथे कळलं आणि मी हरखूनच गेले. प्रबंधाला विषय घेतला ‘रहस्यपट आणि ग्रामीण स्त्री-प्रेक्षक’. विषय भारदस्त, मी बावीस वर्षांची, आणि डोळ्यांवर नवा चष्मा! आमचे सर म्हणाले, पुस्तकं सगळेच वाचतात, तू जाऊन माणसं बघ.

माणसं बघायला मी कडेगावला मामाकडे गेले. स्टँडला लागूनच पत्र्याचं थेटर होतं. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता तिथे बायकांसाठी खास खेळ असायचा. पुरुषांना आत मज्जाव. दाराशीसुद्धा मालकांची विधवा बहीण तिकिटं फाडायला बसायची. शुक्रवारी सकाळी पिक्चरच्या पेट्या विट्याला जायच्या आणि नवा पिक्चर लागायचा. मी मालकांना गाठलं आणि एक स्टूल मागून घेतलं. पडद्याखाली एका कडेला, पडद्याकडे पाठ करून, मी त्यावर बसायची. उजेड पडद्यावरून बायकांच्या तोंडावर पडायचा आणि मला सगळे चेहरे दिसायचे. मांडीवर वही. वहीत रकाने — प्रसंग कोणता, शांतता किती वेळ, कोण ओरडलं, कोण हसलं.

आणि काय काय दिसायचं म्हणून सांगू! काळा कोट घातलेला माणूस दिसला की पोरंसुद्धा रडायची थांबायची. दार करकरलं की शेंगा फोडायचा आवाज बंद. खुनाच्या आधी गाणं येणार हे सगळ्यांना पाठ, म्हणून गाणं सुरू झालं की बायका एकमेकींना सावरून बसायच्या. पण खरी गंमत वेगळीच होती. खुनी पडद्यामागे लपला आहे हे आपल्याला दिसतंय आणि नायिका आरशात बघून वेणी घालतेय — अशा वेळी सगळं थेटर उठून ओरडायचं. ‘आगं बये, मागं बघ! मागं बघ की!’ अचानक कुणी अंगावर आलं तर बायका दचकायच्या आणि लगेच हसायच्या. पण आपल्याला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक नाही, हे मात्र त्यांना सोसवायचं नाही. माझ्या प्रबंधाचा कणाच तो. प्रेक्षकाला माहीत, पात्राला माहीत नाही. तिथेच माणसाचा जीव टांगणीला लागतो.

या सगळ्या बायकांत एक चेहरा मला फार मोलाचा वाटायचा. माझ्या वहिनींचा. मामांचा मुलगा, माझा दादा, सैन्यात होता. लग्नाला दोन वर्षं झालेली. त्यातले सगळे मिळून तीन महिने दोघं एकत्र राहिले असतील. वहिनी विशीतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, दिवसभर उसात राबणाऱ्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत. भीती वाढू लागली की चपला सोडून हळूच पाय खुर्चीवर घ्यायच्या, खाली साप असावा तसे. तोंडातला शेंगदाणा चावायच्या थांबायच्या. आणि नायिकेकडे अशा बघायच्या — काय सांगू, सख्ख्या बहिणीकडे बघावं तशा. बाकीच्या बायका पिक्चर बघायच्या, वहिनी त्या बाईची काळजी करायच्या. तो फरक मला दिसला याचा केवढा अभिमान वाटला होता मला!

आता तो गुरुवार.

पिक्चर फार चांगला होता. शेवटची अर्धी गोष्ट म्हणजे घरात शिरलेला खुनी आणि त्याच घरात एकटी बाई. मी आदल्या दिवशी एकदा पाहून ठेवला होता. वहिनींना तिसऱ्या रांगेत, माझ्या बरोबर समोर बसवलं होतं. दोन नव्या पेन्सिली टोक करून आणल्या होत्या. मध्यंतर झालं आणि दारावरच्या बाईंनी मला हाक मारली. बाहेर ज्ञानू पोस्टमन उभा होता.

ज्ञानूकाका. घरातले सगळे त्यांना नुसतं ज्ञानू म्हणायचे, माझ्या बापाच्या वयाचा माणूस असून. ते बौद्ध वस्तीतले. मी पुण्यात शिकत होते ना, म्हणून मी ‘काका’ म्हणायची आणि स्वतःवर खूश असायची. त्या काळी पलटणीची तार यायची ती इंग्रजीत. ती उंबऱ्यात टाकून जायचं नाही, आधी गावातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यायची आणि मग त्या माणसालाच बरोबर घेऊन घरी जायचं, अशी तिथली रीत. वाईट बातमी असली तर सांगणारं कुणी जाणतं असावं म्हणून. त्या दिवशी मामा उसाच्या तोडीवर होते आणि मास्तर परगावी. ज्ञानूकाका वहिनींना शोधत थेटरापर्यंत आले. आत त्यांना येता येत नव्हतं आणि शिकलेली म्हणून गावात त्या घडीला मीच.

‘ताई, तार हाय. जरा वाचा बगू.’

वाचली. एवढीच ओळ होती — दादा पुण्याच्या लष्करी इस्पितळात आहे, प्रकृती गंभीर, पत्नीला ताबडतोब पाठवा.

मी पावतीवर सही केली. ज्ञानूकाका माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘बरं हाय न्हवं?’

मी म्हटलं, ‘खुशालीची आहे. मी सांगते वहिनींना.’

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं? आपोआप आलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. तार वाचली तेव्हाच माझ्या मनात हिशेब झाला होता — उद्या पेट्या विट्याला जाणार. आज वहिनी उठल्या तर हा उत्तरार्ध, हा चेहरा मला परत मिळणार नाही. दीड तासाचा तर प्रश्न. पलटणीचे लोक गंभीर लिहितातच. असं सगळं मनाशी बोलून मी तार घडी करून वहीत ठेवली.

पुण्याकडे जाणारी शेवटची गाडी साडेचारला सुटायची. मला माहीत नव्हतं, असं म्हणू का? मला माहीत होतं. मी त्याच गाडीने जा-ये करायची.

मी पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. अंधार झाला. आणि आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात वाईट. इतकी वर्षं तोंड दाबून धरलं ते याच्यासाठी. मला वाईट वाटत नव्हतं. मला थरार वाटत होता. समोर वहिनी त्या पडद्यावरच्या बाईसाठी जीव मुठीत धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल जे त्यांना माहीत नव्हतं ते माझ्या मांडीवर होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. प्रेक्षकाला माहीत, पात्राला माहीत नाही. माझ्या अख्ख्या प्रबंधात नसेल इतकं स्पष्ट मला तेव्हा ते कळलं, आणि कळल्याचा आनंद झाला. आणि मी अक्षर नीट काढत लिहीत होते.

थेटराच्या पत्र्यापलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा. कंडक्टर कुणाला तरी हाका मारत होता. वहिनींनी तेव्हा पाय वर घेतले होते. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं — शांतता, जवळजवळ दीड मिनिट.

थेटर भरून बायका नायिकेला ओरडून सांगत होत्या, मागं बघ. वहिनींना सांगायला एकच माणूस होतं आणि ते लिहीत बसलं होतं.

खेळ सुटल्यावर उन्हात आल्या आल्या वहिनी हसत म्हणाल्या, ‘वन्सं, वाचली बया! मला तर वाटलं, आता काय राहत न्हाई.’ मग मी त्यांना तार सांगितली. आत्ताच आली म्हणून. त्या तशाच अनवाणी स्टँडकडे पळत सुटल्या, चपला आत खुर्चीखालीच राहिल्या होत्या. स्टँडवर कुत्रंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी मामा आले. ट्रक, जीप, काही मिळतं का म्हणून गावभर फिरले, काही मिळालं नाही. मग संतापून त्यांनी ज्ञानूला बोलावणं धाडलं. ओसरीखाली उभं करून विचारलं, ‘तार कवा आली रं?’

‘मालक, इंटरवलला ताईंच्या हातात...’

‘नाही मामा,’ मी म्हटलं. ‘खेळ सुटल्यावर दिली.’

ज्ञानूकाकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. उलट माझ्याकडून काही चुकलं असेल तर मी ते दुरुस्त करीन, अशी वाट बघितल्यासारखं. मी मान खाली घातली. त्यांच्या पिशवीत माझ्या सहीची पावती असणार, वेळ घातलेली. ती त्यांनी काढली नाही. काढून कोण ऐकणार होतं? मामांच्या ओसरीवर त्यांच्या कागदापेक्षा माझा शब्द जड होता. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यावरच तर मी विसंबले होते.

‘माजीच चूक झाली,’ ते म्हणाले. मामांनी त्यांना जे काही ऐकवलं, जातीवरून ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. मी ते उभी राहून ऐकलं. आणि ‘काका’ म्हणणारी मी हूं की चूं केलं नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीने मी वहिनींना घेऊन पुण्याला गेले. वाटभर त्यांचा हात हातात धरून होते. दुपारी पोचलो. दादा पहाटेच गेला होता. कावीळ डोक्यात शिरली होती म्हणे. वॉर्डातला एक जवान आमच्याच बाजूचा, खानापूरचा. त्याने सांगितलं, रात्री अकरापर्यंत चांगला शुद्धीवर होता, घरचं कोण आलं का म्हणून विचारत होता. साडेचारची गाडी नऊ-साडेनऊला पुण्यात पोचते. वहिनींना हा हिशेब करता येत नव्हता. मला येत होता.

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. एक पान परीक्षकांना विशेष आवडलं, असं सर म्हणाले. वहिनींचं पान होतं ते. नाव घातलं नव्हतं मी. ‘एक ग्रामीण विवाहिता’ असं लिहिलं होतं. प्रबंध टंकून झाला तेव्हा त्या विवाहिता राहिल्या नव्हत्या, तरी मी शब्द बदलला नाही.

ज्ञानूकाका निवृत्त होईपर्यंत त्या घरी टपाल टाकत राहिले. वहिनींनी त्या तारेनंतर त्यांच्या हातून पत्र कधी घेतलं नाही. उंबऱ्यावर ठेवायला लावायच्या आणि ते गेल्यावर उचलायच्या. ते वारले तेव्हा मी साताऱ्यात होते. बातमी कळली. गेले नाही.

वहिनी आहेत. पाठीत वाकल्या आहेत, कानाला कमी येतं, बाकी ठणठणीत. मी कडेगावला गेले की शेजारच्या बायकांना बोलावून माझी ओळख करून देतात. दर वेळी तेच सांगतात, ‘ह्या माज्या वन्सं. तवा ह्या हुत्या म्हणून मी मालकांचं तोंड तरी बघितलं. लय आदार दिला मला.’ आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडतात. मी चहा पिते.

सांगायचं त्यांना होतं. दर वेळी ठरवून जाते आणि परत येते. आज हे कागदावर उतरवलं, तेही वहिनींना वाचता येत नाही, हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच.