वरचं दूध

आमच्या शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे ‘कॉलर’ म्हणायचे. शर्टाची कॉलर तिच्यासारखी कुणाला बसवता यायची नाही. सुपरवायझरने आवाज चढवला तरी तिची मान खाली जायची नाही.

दिवस गेल्यावर सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. नवऱ्याला बोलावून तपासलं, त्यालाही निघाला. कारखान्यात तिने हे फक्त मला सांगितलं. कुणाकडून कुणाला, हा प्रश्न तिने काढलाच नाही. मी मात्र त्याला मनातल्या मनात सणसणीत शिव्या घातल्या.

सिस्टरने तिला बसवून समजावलं होतं. गोळी रोज घेतली आणि जन्मल्यावर बाळाला औषध दिलं, तर बाळ बहुतेक सहीसलामत राहतं. पण पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं दूध नाही, पाण्याचा थेंबही नाही. दोन्ही दुधं दिली की बाळाचं कोवळं पोट दुखावतं आणि आजाराला आत शिरायला वाट मिळते.

नवरा गॅरेजात मेकॅनिक. इंजिनापुढे वाघ, आईपुढे मांजर. “आईला कळता कामा नये, हाय खाईल ती,” हा त्याचा हट्ट. म्हणून तिच्या गोळ्या रक्तवाढीच्या झाल्या आणि बाळाचं औषध ताकदीचं.

मुलगी झाली. सासूने बाळंतपण अगदी जीव लावून केलं. पोर रडली की तिचं सुरू व्हायचं, “तुझं दूध पुरत नाही तिला. काटकी झालीयस नुसती.”

“डॉक्टरांनी वरचं नको म्हणून सांगितलंय, आई.”

“तुझ्या नवऱ्याला काय डॉक्टरांना विचारून वाढवला मी?”

एकदा मी तिला घरी शिवायला कॉलरींचा गठ्ठा घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा ती न्हाणीतून बाहेर येत होती. सासूच्या मांडीवर नात, हातात वाटी-चमचा, पोरीच्या ओठांवर दूध. कॉलरने वाटी अशी उडवली की ती भिंतीवर जाऊन आदळली.

“अगं, वेड लागलं का तुला? दूध आहे ते, विष नाही!”

मग सगळं सांगावंच लागलं. गोळ्यांचं, औषधाचं, नवऱ्याचंही. सासू बसल्या जागी थिजली. पडलेल्या वाटीकडे बघत म्हणाली, “आजच दिलं गं. दोन चमचे.” कॉलरने विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होती?

बाळाच्या तपासणीला आम्ही तिघी गेलो. टाचेतून रक्त घेतलं तेव्हा पोर कळवळून रडली, मग आजीच्या मांडीवर झोपी गेली. निकाल काही दिवसांनी कळणार होता. डॉक्टरीणबाईंनी आत बोलवेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. सासू सुनेकडे न बघता एकदम बोलली.

“त्या दिवशीच नव्हतं ते. रोज द्यायचे मी. तू आंघोळीला गेलीस की. वाटलं, बाळसं धरेल पोर.”

माझं डोकंच फिरलं. कॉलरचा चेहरा पांढराफटक पडला.

“हे आत सांगा, आई. तुमच्या तोंडानं सांगा.”

“सांगते. घे हिला, तू घे.”

“राहू दे तुमच्याकडेच. झोपलीय.”

तिच्या जागी मी असते तर पोर हिसकावून घेतली असती.