दुधाबरोबर घेतलेली गोळी

"थायरॉइड मंदावलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी रोज घ्यायची. बहुतेक जन्मभर."

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. उचगावात खोली घेऊन राहतो, फौंड्रीत लोखंड ओतायचं काम करतो. जन्मभर म्हणजे काय, हे विचारायचंही बळ तेव्हा नव्हतं.

त्याआधी कित्येक महिने अंग शिशासारखं जड. उन्हाळ्यात थंडी वाजायची, सकाळी तोंड सुजलेलं असायचं. एकदा भट्टीपुढं उभ्या उभ्या डोळा लागला. सुपरवायझरनं ओतकामावरून काढून झाडलोटीला लावलं. "रिपोर्ट सुधारला तर परत घेतो. न्हायतर गावाकडं जावा, पावणं." वर सोबती हसायचे, "हे तर बायकांचं दुखणं की रं!"

रिपोर्टातला टीएसएच म्हणजे मेंदूनं गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक, असं बाईंनी समजावलं. ग्रंथी सुस्त पडली की हाक मोठी होते, आकडा वाढतो. गोळीत त्या ग्रंथीच्या रसासारखाच, कारखान्यात बनवलेला रस असतो.

गोळ्या सुरू झाल्यावर पुन्हा तपासायला रक्त दिलं. आकडा हलेना. गोळी वाढवली, तरी तेच. दवाखान्याच्या बाकावर बसून वाटायचं, मलाच औषध लागू होत नाही. आता गावच गाठायचं.

मग एकदा बाईंनी विचारलं, "गोळी घेता कशी?"

"दुधाबरोबर. घरमालकीण आक्का सकाळी म्हशीची धार काढून तांब्याच हातात देतात. रिकाम्या पोटी गोळी बाधते म्हणतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दुधातलं कॅल्शियम गोळी अंगी लागू देत नाही. उठल्यावर नुसत्या पाण्यानं घ्या. अर्ध्या-एक तासानं नाष्टा. दूध संध्याकाळी."

आक्कांना सांगायला जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे म्याच तुला आजारी पाडला व्हय?"

"न्हाई ओ आक्का."

"गप. दूध वाईट असतंय, हे कुठल्या शाळंत शिकवत्यात?"

पण दुसऱ्या दिवशी गोठ्यातनंच ओरडल्या, "गोळी घेतलास काय रं? पाण्यानंच न्हवं?" सगळ्या गल्लीला माझं दुखणं कळलं.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तेव्हा आकडा उतरला होता. थकवा अजून पुरता गेलेला नाही. तुमचाही आकडा हलत नसेल तर औषध सोडू नका. गोळी कशाबरोबर घेता, ते डॉक्टरांना आपणहून सांगा. माझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे त्यांचे उपकार.

परवा सुपरवायझरला उतरलेल्या आकड्याचा कागद दाखवला. त्यानं कागद बाजूला ठेवला, माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. "उद्यापासनं भट्टीवर या, पावणं."

बाहेर येऊन आईला फोन लावला. दिवाळीला येतो म्हणालो. सुट्टीपुरता.