न पिलेला एक माणूस

"एकच माणूस बोलवा. न पिलेला."

एवढं सांगून आमचे कारकून फोन कानापासून लांब धरायचे, कारण पलीकडून, पोलीस चौकीतून, आरडाओरडा सुरू झालेला असायचा. कोल्हापुरात वकिलाच्या ऑफिसात तुम्ही कधी बसला असाल, तर असा कारकून पाहिलाच असेल. शर्टाच्या खिशात तीन पेनं, काखेत फायली आणि वकिलापेक्षा जास्त कायदा तोंडपाठ. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेले पक्षकार आमच्याकडं बरेच यायचे. ते माझं, म्हणजे वकिलाचं, नाव ऐकून येत नसत, कुणाकडून तरी या कारकुनांचा, अण्णांचा नंबर घेऊन येत. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, मीही. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते आणि तरी मला साहेब म्हणायचे.

त्यांचा सल्ला ठरलेला. "मशिनीत फुका म्हटलं की फुकायचं. हुज्जत न्हाई. ह्याला वळखतो, त्याला वळखतो, कायबी बोलायचं न्हाई. किल्ली द्या, कागद वाचा, मगच सही. सुटल्यावर गाडीला हात लावू नका, रिक्षानं जावा. आणि घरात आजच सांगा. उद्या पेठ सांगंल."

शेवटच्या वाक्याला पक्षकाराचा आवाज हमखास खाली यायचा. न्यायाधीशासमोर उभं राहायला भले भले तयार असत, बायकोसमोर कुणीच नाही.

'न पिलेला' हे अण्णांनी अनुभवानं जोडलेलं. आपल्याकडं एखादा पोरगा चौकीत बसला की त्याला सोडवायला अख्खी तालीम, म्हणजे पेठेतलं सगळं तरुण मंडळ, निघते. तिथं मागं राहिलेल्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. एका रंगपंचमीच्या दुपारी शिवाजी पेठेतला एकजण असाच सापडला. त्यानं मित्राला फोन केला, मित्रानं तालमीला. पंचवीस-तीस जण मोटरसायकलींवरून चौकीसमोर हजर, डोक्यापासून पायापर्यंत रंगलेले, घोषणा देत. हवालदार शांतपणे मशीन घेऊनच बाहेर आला. आम्ही पोचलो तेव्हा सोडवायला आलेले सहाजण आत बाकावर बसले होते आणि मूळचा आरोपी त्यांना पाणी आणून देत होता. अण्णांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "साहेब, एक वकीलपत्र आणलंय. अजून सहा काढून आणतो." मी हसू लपवायला बाहेर गेलो.

अण्णा त्याच पेठेत एका खोलीत राहायचे. एकटे. "बायको हुती, आता न्हाई," असं एकदा बोलता बोलता म्हणाले होते. वारली की सोडून गेली, हे मी विचारलं नाही. त्यांचं अक्षर कसं, चहात साखर किती, कोणत्या कोर्टाच्या शिपायाशी पटत नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. सोळा वर्षांत एवढंच.

गेल्या वर्षी एका मंगळवारी "जरा काम हाय" म्हणून ते दुपारीच निघून गेले. चारच्या सुमाराला त्यांचा फोन आला. समोर पक्षकार बसला होता, मी कट केला. परत आला, परत कट केला. एखाद्या फायलीचं विचारत असतील, असं वाटलं. तिसऱ्यांदा आला नाही. साडेसहाला चौकीतून हवालदाराचा फोन आला. "साहेब, तुमचं अण्णा हितं बसल्यात. अडीच तास झालं. दुसऱ्या कुणाचा नंबरच सांगंनात."

बाकाच्या टोकाला ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. वास येत होता. बाहेर त्यांची स्कूटर कुलूप घालून उभी. ते पितात हेच मला माहीत नव्हतं.

"अण्णा, तालमीत एक फोन करायचा की," मी म्हणालो.

"पन्नास आली असती, साहेब. आन् त्यांनाच मी उद्या काय सांगू? घरात आजच सांगा म्हणून?"

हवालदार अटकेचा फॉर्म भरत होता. "अटकेची खबर कुणाला दिली, त्या रकान्यात तुमचं नाव दिलंय ह्यांनी. नातं काय लिवू?"

"वकील," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग फॉर्मकडं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "वकील लिवा."

जामिनाचे कागद झाल्यावर मी त्यांना रिक्षानं घरी सोडलं. का प्यायलात, हे मी विचारलं नाही. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला ऐकत बसायचं नव्हतं, आणि त्याची आज लाज वाटते.

कोर्टात त्यांनी "व्हय, पिलोतो" असं एका दमात सांगून टाकलं. लायसन्स निलंबित झालं. ते चालत ऑफिसला येऊ लागले. काम पूर्वीसारखंच चोख, पण चौकीतून कुणाचा फोन आला की रिसीव्हर माझ्याकडं द्यायचे. "तुमीच सांगा, साहेब." मी तेच सगळं सांगायचो. माझं कुणी फारसं ऐकायचं नाही.

थंडीत एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. शेजाऱ्यांनी दार फोडलं. स्मशानात सगळी पेठ होती. मुरगूडजवळच्या एका गावात त्यांची थोरली बहीण आहे, हे मला तिथं कळलं. उत्तरकार्याला मी तिच्या घरी गेलो.

"तुमीच व्हय साहेब?" म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दरसाली म्हाईला म्हणायचा, अक्का, औंदा साहेबास्नी घिऊन येतो. मी तुमचं ताट करून ठेवायची. हा आपला एकटाच यायचा. म्हणायचा, साहेबांचं काम निघालं."

म्हाई म्हणजे गावदेवीचं वर्षाचं जेवण. पै-पाहुण्यांना आठ दिवस आधी सांगणं जातं. मला अण्णांनी सोळा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

हे मी अक्कांना बोललो नाही. त्यांनी वाढलं, मी खाली मान घालून जेवलो. अण्णांनी विचारलं असतं, तर मीही काम आहे असंच सांगितलं असतं.